सोनार की नोक्टन? रेंजफाइंडरसाठी ५० मिमी

झाइसची सी-सोनार आणि फोख्टलेंडरची नोक्टन: रेंजफाइंडरच्या, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून नेम धरायच्या कॅमेऱ्याच्या, दोन लेन्स. दोन्हींचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/१.५पर्यंत उघडतं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), दोन्ही एम माउंटच्या, म्हणजे लायकाच्या एम कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या, दोन्हींत काचाही सहाच. स्वभाव मात्र पार वेगळे.

सोनारचं घराणं जुनं. लुडविग बेर्टेले यांनी १९३०च्या दशकात काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी आखलेल्या लेन्सची ही वारस. पूर्ण उघडी ठेवली की चेहरा मऊ उतरतो, मागचं सगळं विरघळतं. पण हिला एक खोड आहे: अ‍ॅपर्चर बदललं की फोकस सरकतो. एफ/१.५ला जुळवलेली लेन्स एफ/२.८वर आणली, की डोळ्यावर नेम धरूनही धार, म्हणजे सर्वात रेखीव जागा, थोडी मागे पडते. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे पापण्या सुटतात आणि कान मात्र रेखीव येतो! रेंजफाइंडरची खिडकी लेन्समधून बघतच नसल्याने फोटो काढताना याचा पत्ता लागत नाही. एफ/५.६च्या पुढे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणारी खोली, ही चूक पोटात घालतं.

२०१३ची अ‍ॅस्फेरिकल नोक्टन (हिच्यात पूर्ण गोलाकार वक्र नसलेली काच असते) सरळमार्गी. फोकस सरकण्याचा त्रास बराच कमी, उघड्या अ‍ॅपर्चरलाही धार चांगली. शिवाय ती ०.७ मीटरपर्यंत जवळ जाते, सोनार ०.९वरच थांबते. पोर्ट्रेट काढताना हा वीतभर फरक चांगलाच जाणवतो. काळी नोक्टन हलकी, रुपेरी पितळेची म्हणून जड.

एकच लेन्स घ्यायची तर मी नोक्टन घेईन. चेहरेच काढायचे आणि तेही कायम एफ/१.५ला, असं असेल तर सोनार.