संक्रमण शिबिर की भाड्याचं घर? घरात म्हातारं माणूस असेल तर...

चाळ पाडायची ठरली की पहिला प्रश्न येतो, नवी इमारत उभी राहीपर्यंत राहायचं कुठे? मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (इंग्रजांच्या काळातल्या सरकारी) चाळकऱ्यांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या: संक्रमण शिबिरातली, म्हणजे सरकारनं तात्पुरती दिलेली खोली, नाहीतर बाहेर घर घ्यायला सरकारकडून महिन्याला २५,००० रुपये भाडं. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल, तर त्यांची उठबस कोणाशी आहे ते आधी बघा.

बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हातारी माणसं दिवसभर गॅलरीतच असतात. भाजी निवडता निवडता समोरच्या काकूंशी बोलणं होतं, संडासाच्या रांगेतसुद्धा 'काल दिसला नाहीत?' अशी चौकशी होते. सकाळी दार उघडलं नाही, तर शेजारी येऊन कडी वाजवतात.

भाड्याच्या घरात संडास आत असतो. गुडघे दुखणाऱ्यांना हा फार मोठा आराम, तो कमी लेखू नका. पण तेवढ्या पैशांत वरळी-परळला घर मिळणं कठीण. माणसं विरार-बदलापूरकडे जातात. त्यात करार ११ महिन्यांचा. मालकानं तो वाढवला नाही, की पुन्हा बोचकी बांधा. माझ्या आईनं तीन वर्षांत दोन घरं बदलली. दुसऱ्या घरी तिनं शेजाऱ्यांची नावं विचारणंच सोडून दिलं.

शिबिरातली खोली लहान, पाण्याची कुरकुर, डागडुजीची वाट बघणं. मुंबईत काही कुटुंबांची अख्खी हयात शिबिरात गेली आहे, म्हणून नव्या घराचे कागद हातात आल्याशिवाय चाळ सोडू नका. मात्र भजनी मंडळ, गणपतीची आरती, औषध आणून देणारा शेजारचा मुलगा, हे सगळं तिथे बरोबर येतं.

मला विचाराल तर शिबिर जवळ असेल आणि चाळीतली बरीचशी घरं तिथेच जाणार असतील, तर शिबिरच घ्या; खोली तळमजल्यावर मागा. शिबिर लांब असेल किंवा तिथली लिफ्ट बंद असेल, तर भाड्याचं घर बघा, पण चाळीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकाच सोसायटीत.

जागा बघायला जाताना आई-वडिलांना सोबत न्या. खोली बघून झाली की त्यांना खाली थोडा वेळ बसू द्या. तिथे बसायला कट्टा आहे का, आणि त्यावर आणखी कोणी बसतं का, ते त्यांना आपल्याआधी कळतं.