नगरपंचायतीचे नागरी सुविधा केंद्र : एका वारस नोंदीच्या निमित्ताने

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील दुष्काळी पट्ट्यात आमचे तालुक्याचे गाव आहे. राज्य शासनाने २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण घेतले आणि त्यानंतर आमच्याकडेही सरपंच जाऊन नगराध्यक्ष, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी आणि वॉर्ड जाऊन सतरा प्रभाग आले. गेल्या पावसाळ्यात वडील वारले. मृत्यूची नोंद, घराच्या उताऱ्यावर आईचे व आम्हा भावंडांचे नाव लावणे आणि नवे नळजोड घेणे अशा तीन कामांसाठी मला या कार्यालयाच्या नागरी सुविधा केंद्रात जवळजवळ चार महिने जावे लागले. अशीच कामे घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मृत्यूच्या नोंदीचे काम अतिशय चांगले झाले. वडील घरीच वारले असल्यामुळे ही नोंद आमच्याच नगरपंचायतीत होणार होती. दवाखान्यात मृत्यू झाला असता, तर तो दवाखाना ज्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तेथे ती झाली असती, आणि ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक जण कऱ्हाड-मिरजेच्या दवाखान्यातील मृत्यूचा दाखला गावात मागत बसतात. कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांच्या आत माहिती द्यावी लागते. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क पडते, आणि त्यानंतर वरिष्ठांच्या परवानगीच्या मागे लागावे लागते. आम्ही रक्षाविसर्जन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो. ज्या डॉक्टरांनी तपासले होते त्यांचे प्रमाणपत्र आणि वडिलांचे व माझे आधारकार्ड एवढेच कागद लागले. खिडकीवरील भगिनींनी नावाचे शुद्धलेखन मराठीत आणि इंग्रजीत मला दोनदा वाचून दाखवले, आणि आधारकार्डावर आजोबांचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले आहे हे त्यांच्याच लक्षात आले. त्या दिवशी ते सुटले असते, तर पुढे बँकेत आणि तलाठी कार्यालयात किती हेलपाटे पडले असते, याची कल्पना ज्यांनी असे दुरुस्तीचे काम केले आहे त्यांनाच येईल. माहिती देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य मिळते. ती मला न मागता मिळाली आणि जादा प्रतींचे शुल्क पावतीसह घेतले गेले.

वारस नोंदीचे काम मात्र लांबले. आमचे घर जुने, पाच खणांचे, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे. नगरपंचायतीच्या संगणकातील उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात अजून आजोबांचे नाव होते आणि वडिलांचे नाव केवळ भोगवटादार, म्हणजे घरात राहणारे, म्हणून लागलेले होते. आजोबांच्या पश्चात वडिलांचे नाव मालक म्हणून लागले होते की नाही, हे पाहण्यासाठी ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना आठचे, म्हणजे घरांच्या कर आकारणीचे, जुने रजिस्टर काढणे आवश्यक होते, आणि ते दप्तर रूपांतरानंतर मागच्या खोलीत गठ्ठे बांधून ठेवलेले आहे. कर विभागातील एका ज्येष्ठ लिपिकांनी स्वतः बसून दोन दुपारी ते गठ्ठे सोडवले. नोंद सापडली. शाईने लिहिलेला तो फेरफार संगणकात भरताना राहून गेला होता. त्या गृहस्थांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही, हे येथे नमूद करणे मला माझे कर्तव्य वाटते.

पण या कौतुकाबरोबर तक्रारही मांडली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेचा अर्ज दिला की त्याची पोच, अर्जाचा क्रमांक आणि सेवा मिळण्याची अंतिम तारीख अर्जदाराला मिळाली पाहिजे. वारसा हक्काने मालमत्ता हस्तांतरणाच्या नोंदीसाठी नगरविकास विभागाने पंधरा दिवसांची मुदत ठरवलेली आहे, तर जन्म-मृत्यूचा दाखला आणि मालमत्ता कराचा उतारा तीन दिवसांत मिळायला हवा. मला पहिल्यांदा मिळाली ती अर्जाच्या झेरॉक्स प्रतीवर मारलेली गोल शिक्क्याची पोच. तिच्यावर क्रमांकही नव्हता आणि तारीखही नव्हती. मी नम्रपणे विचारल्यावर चौथ्या दिवशी नोंदवहीतील क्रमांक मिळाला, आणि काम पूर्ण झाले ते सव्विसाव्या दिवशी. जुने दप्तर शोधावे लागले हे कारण मला पूर्ण मान्य आहे, तथापि ते कारण लेखी कळवले असते, तर मधल्या काळात मी सहा वेळा कार्यालयाच्या पायऱ्या चढलो नसतो. या कायद्यात पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट आहे, कसुरीबद्दल पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि या सर्वांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. आमच्याकडे तो फलक आहे. तो जिन्याच्या वळणावर आहे, आणि तेथे उभे राहून वाचायला लागले तर मागचा माणूस खोळंबतो.

ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी मृत्यूचा दाखला, चालू वर्षाची घरपट्टी व पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांच्या सह्यांचे संमतीपत्र सुरुवातीलाच सोबत न्यावे. सासरी गेलेल्या बहिणींची सही नंतर घेऊ, असे म्हणून अर्ज देऊ नये, कारण तेवढ्यासाठी तो परत येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नगरपंचायतीच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही, ती नोंद कर आकारणीपुरती असते. जेथे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले आहे तेथे मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) वारस नोंद भूमी अभिलेख कार्यालयात स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.

नळजोडाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अनामत भरली, रस्ता खोदण्याचे शुल्क भरले, आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत बाराव्या दिवशी जोड मिळाला. पाणी केव्हा येते, हा मात्र वेगळा विषय आहे, आणि माझ्या मते या कार्यालयाच्या सेवेतील सर्वांत मोठी उणीव तेथेच आहे. कार्यालयात जाणाऱ्याचे काम होते. घरी बसलेल्या नागरिकाला मात्र कार्यालय काहीच सांगत नाही. आमच्या आळीला उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी येते, आणि मोटार जळाली, गळती काढायची आहे किंवा वीज गेली म्हणून दिवस बदलला, तर ते कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला फोन लावणे. त्या एका माणसाला पहाटे पाचपासून किती फोन येत असतील!

नगरपंचायतीने माहितीसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप गट केलेला आहे. त्यात भूमिपूजनांची छायाचित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा इतक्या येतात की पाण्याच्या वेळेचा संदेश त्यांत शोधावा लागतो, आणि माझ्या आईसारख्या ज्या स्त्रिया खऱ्या अर्थाने पाणी भरतात, त्यांच्याकडे तो फोनच नाही. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, कर आकारणीच्या वेळी याचा फटका आम्हा सर्वांना बसला. हरकती मागवल्याची जाहीर नोटीस कार्यालयाच्या काचेच्या फलकावर लावली होती आणि वर्तमानपत्रातही छापून आली होती, त्यामुळे कायद्याची बाजू पूर्ण झाली असेल. परंतु आमच्या आळीतील बहुतेकांना ती समजली तेव्हा हरकतीची मुदत संपून गेलेली होती. ज्यांच्या माळवदी घरांची आकारणी स्लॅबची समजून झाली, त्यांना सुनावणीत बोलण्याची संधीच मिळाली नाही, आणि वाढीव बिल न भरल्यास दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) लागते म्हणून त्यांनी ते निमूटपणे भरले.

ग्रामपंचायत असताना हे असे होत नव्हते, असे जुनी माणसे म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तेथे गोंधळ होई, भांडणे होत, पण घरपट्टी वाढणार आहे हे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचत असे. नगरपंचायत झाल्यावर ग्रामसभा गेली, निर्णय नगरसेवकांच्या सभेत होऊ लागले, आणि सभेतले गावाला कळवण्याची जी पूर्वीची वाट होती ती बंद झाली. तिच्या जागी दुसरी वाट अद्याप तयार झालेली नाही.

दुसरी वाट अवघडही नाही, कारण ती गावात डोळ्यांसमोर आहे. आमच्या पेठेतील चौकात एका तरुण मंडळाने चालवलेला काळा फळा आहे. गावात कोणी वारले की तासाभरात त्याच्यावर खडूने नाव, आळी, अंत्ययात्रेची वेळ आणि रक्षाविसर्जनाचा दिवस लिहिला जातो. वडील वारले त्या सकाळी आम्ही कोणालाही निरोप पाठवण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. तो फळा वाचून वाड्या-वस्त्यांवरचे लोक आले. पाण्याची पाळी, हरकतीची शेवटची तारीख, सभेचा विषय हे सर्व अशाच एका फळ्यावर रोज सकाळी लिहिता येईल, आणि त्यासाठी खडूपलीकडे खर्च नाही. दुसरे साधन घंटागाडीचे आहे. डेंग्यूच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, असे घंटागाडीच्या स्पीकरवरून सांगितले गेले, तेव्हा ते घरोघर पोचले आणि लोकांनी ते पाळले. आपल्या परिसरातील कऱ्हाडने २०२० मध्ये आणि विट्याने २०२१ मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाचा देशातील पहिला क्रमांक मिळवला. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत गेल्याशिवाय असा क्रमांक येत नाही.

दाखले आणि नोंदी यांच्या कामासाठी मी या केंद्राला पाचांपैकी चार गुण देईन. एक गुण पोचपावतीसाठी आणि न दिलेल्या लेखी कारणासाठी कापला आहे. नागरिकांना माहिती पोचवण्याच्या कामासाठी मात्र दीडच्या वर गुण देणे मला शक्य नाही. केंद्रात जायचे असेल, तर बाजारचा दिवस टाळावा, सकाळी कार्यालय उघडताच जावे, आणि पोचपावतीवर क्रमांक व अंतिम तारीख लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

कार्यालयाबाहेर आणि पेठेच्या चौकात रोजच्या सूचनांचा फळा लावावा, असा लेखी अर्ज मी गेल्या आठवड्यात आवक विभागात दिला आहे. त्यावर आमच्या आळीतील एकतीस जणांच्या सह्या असून पहिली सही आईची आहे. या वेळी पोच क्रमांकासह, तारखेसह आणि न मागता मिळाली.