धोमच्या काठचं शांत घर आणि गेलेले ४०,९६० रुपये

आधी आकडे. १८,००० आगाऊ, १०,००० डिपॉझिट, ६,४८० जीएसटीच्या नावाखाली आणि तेच ६,४८० पुन्हा एकदा. एकूण ४०,९६० रुपये. चारही वेळा यूपीआयने, चारही वेळा आम्हीच पिन टाकून. बदल्यात मिळणार होतं वाईजवळ धोम धरणाच्या पाण्याकडेला शेतातलं एकटं घर, बारा माणसांची सोय, जवळपास वस्ती नाही, दोन रात्रींचे ३६,००० रुपये. त्या लोकेशनवर घर नाही. ऊस उभा आहे.

असे प्रकार कसे चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, आम्हालाही होतं. ओटीपी कुणाला दिला नाही, कुठली लिंक उघडली नाही, अनोळखी ॲप उतरवून घेतलं नाही. म्हणून "इतकी शिकलेली माणसं कशी फसतात" असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. भाव फार स्वस्त नव्हता. सुट्टीच्या दिवसांत तेवढ्या घराला तेवढेच पडतात, आणि नेमकं तिथेच संशय मेला. ज्या फेसबुक पेजवर हे घर दिसलं ते तीन वर्षांचं होतं, फॉलोअर चौदा हजार. पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्स्परन्सी' नावाचा भाग असतो, तिथे जुनी नावं दिसतात, हे आधी बघायला हवं होतं. हे पेज दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मोबाईलची कव्हरं विकत होतं. जुनी पेजेस फॉलोअरसकट विकत घेतात आणि फक्त नाव बदलतात. व्हॉट्सॲपचं बिझनेस खातं तर कुणीही पाच मिनिटांत उघडतं. त्यावरचा लोगो आणि पत्ता म्हणजे पुरावा नव्हे.

फोटोही सगळं सांगत होते. चिऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या भिंती, पुढे कमान असलेली पडवी, पायरीशी निळा ड्रम, ड्रमला पिवळा नळ, आणि मागे पोफळीची दाट बाग. वाईच्या बाजूला बहुतेक काळा दगड. चिरे गाडीने आणता येतात, पण वीस-पंचवीस फूट वाढलेली पोफळीची बाग कोण आणणार? तो फोटो सरळसरळ कोकणातला होता. मोबाईलवर फोटो शोधाला टाकला असता तर मूळ घर निघालं असतं. निघालंच, पण पैसे गेल्यावर.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं तर "इथे रेंज नाही". त्याच माणसाचे फोटो, आवाजी मेसेज, क्यूआर कोड दोन-दोन मिनिटांत येत होते. रेंज नाही म्हणणाऱ्याला एकच सांगायचं: रेंज असेल तिथून उद्या दाखवा, पैसे परवा.

आणि आता पैसे पाठवतानाची ती यूपीआयची स्क्रीन. पहिले १८,००० पाठवताना, पिन टाकायच्या आधी, बँकेत नोंदलेलं नाव ठळक अक्षरांत आलं. नाव बाईचं, आडनाव वेगळं. बोलणारा पुरुष, आणि पेजवरच्या नावाशी या नावाचा काडीचाही संबंध नाही. थांबलो होतो. विचारलंही. उत्तर आलं, "मिसेसचं खातं आहे, माझ्याची लिमिट संपली." आणि आम्ही पिन टाकला. सगळ्या प्रकरणात एवढा एकच क्षण होता जेव्हा खरं नाव समोर होतं, आणि तो आम्ही एका वाक्यावर सोडून दिला. बाकी सगळं, फोटो, आधार कार्ड, बिल, त्यांना हवं तसं बनवता येतं. ते नाव बनवता येत नाही, कारण ते बँकेकडून येतं. अर्थात खातंही बहुतेक भाड्याने घेतलेलंच असतं, म्हणून तर ते जुळत नाही. न जुळणं हेच उत्तर. तिथे कारण ऐकत बसू नका, ॲप बंद करा.

आधार कार्डाचा फोटो त्याने न मागता पाठवला. मालक स्वतःहून आधार पाठवतो का? तो आधीच्या कुणातरी फसलेल्याचा असणार, कारण त्याने आमच्याकडेही चौघांचे आधार मागितले आणि आम्ही दिले. द्यायचेच असतील तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आम्ही नंतर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं, ते तुम्ही आजच करा.

त्याने पाठवलेलं बिल बघा. ३६,००० वर १८ टक्के म्हणजे ६,४८०, हिशेब चोख. सोबत निरोप की ही रक्कम चेक-इनला परत मिळेल. जीएसटी परत मिळत नसतो, हे तरी लक्षात यायला हवं होतं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी. या बिलावर वर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं, नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, आणि पॅनमध्ये चौथ्या जागी पी. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून धंद्याचं नाव दिसतं. एका मिनिटाचं काम होतं.

चौथी रक्कम तासाभरात गेली. "तुमची एंट्री अडकली आहे, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही मिळून १२,९६० आपोआप परत येतील." पैसे परत येण्यासाठी पैसे पाठवायचे नसतात, आणि पैसे घ्यायला पिनही लागत नाही. हे माहीत असून टाकले, कारण तोवर ३४,४८० अडकले होते आणि ते सोडवायची घाई झाली होती. याच घाईवर त्यांचा धंदा चालतो.

संध्याकाळी ७:४० ला चौथे पैसे गेले, ८:०५ ला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. त्यामुळे शेवटचे ६,४८० समोरच्या खात्यात गोठले. तिसरे पुढच्या खात्यात सरकले होते, पहिले दोन सहा दिवसांपूर्वीच गेलेले. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), वेळ आणि रक्कम कागदावर लिहून ठेवा.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "हद्द आमची नाही, बंगला जिथे आहे तिथे जा." अहो, बंगलाच नाही! दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला आणि सांगितलं, "आता होईल चौकशी." अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढता नोंदवावी लागते. हे छापून नेलं तेव्हा चौथ्या फेरीत गुन्हा घेतला. नागरिकाने कायदा छापून न्यायचा आणि ज्यांचं रोजचं काम तेच आहे त्यांनी तो हातात धरून "हे कुठून आणलं" विचारायचं!

बँकेत तर आम्हीच गुन्हेगार. "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत." लेखी द्या म्हटलं तर "मेल करा". मेलला आपोआप येणारं उत्तर. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे शाखेत एकानेही सांगितलं नाही. गोठलेले ६,४८० अजून तिथेच आहेत. ते सोडवायला किती खेटे घालायचे ते कुणी बोलत नाही.

घर खरं आहे का हे विकणाऱ्याला विचारूच नका. गट नंबर मागा, सातबारा महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट दिसतो. घरपट्टीची पावती मागा. वीजबिलाचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मागा, बिल भरायच्या ॲपमध्ये टाकला की बहुधा नाव येतं. कृषी पर्यटन केंद्र म्हणत असेल तर पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. खात्यावरचं नाव यातल्या एकाशी तरी जुळलं पाहिजे. आणि गावातल्या एखाद्या किराणा दुकानाचा नंबर नकाशावरून काढून फोन करा. शेतात बारा माणसांचं भाड्याचं घर असेल तर गावाला माहीत असतंच.

तोच फोटो या आठवड्यात दुसऱ्या नावाच्या पेजवर आहे. ठिकाण भोर, भाव १६,००० रुपये रात्र. डावीकडचा भाग कापलाय, पण पायरीशी निळा ड्रम आणि पिवळा नळ तसाच दिसतो.