चेतक, निळा करंट आणि ४,२०० रुपये

बाबांची १९८६ ची चेतक स्कूटर आठ वर्षं आमच्या नंदनवनच्या घरी जिन्याखाली उभी होती. या उन्हाळ्यात ती सुरू करायचीच म्हणून टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, किका मारून पाय दुखले. इंजिन हूं की चूं करेना. शेवटी ढकलत जवळच्या गॅरेजात नेली.

मिस्त्रीने प्लग काढला, 'कार्बन पाहतो' म्हणत पकडीने जरा चाळवला आणि हेडला टेकवून किक मारली. करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, पिवळा, मरतुकडा. "कॉइलच गेली ना भाऊ तुमची! मॅग्नेट पण उतरलं." म्हणजे प्लगला करंट देणारी कॉइल बाद आणि वीज तयार करणारं चुंबक कमजोर. मग त्याने स्वतःचा प्लग आणि डब्यातली 'ओरिजिनल' कॉइल लावली. निळा करंट, टकटक! मी बापडा खूश. मॅग्नेट चार्जिंग धरून ४,२०० मोजले. जुना प्लग डिकीत टाकला. जुनी कॉइल मात्र त्याने ठेवून घेतली. "भंगार नेऊन काय करता?"

गाडी अजनीपर्यंत गेली आणि बंद. थंड झाली की सुरू, तापली की बंद. ४५ डिग्रीत चेतक ढकलणं काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

सक्करदऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढलं. प्लगचा गॅप, म्हणजे टोकांमधली फट, हवा ०.६ मि.मी. त्या पठ्ठ्याने स्वतःच्या प्लगचा मिटवून जेमतेम ०.२ केलेला, माझा फाकवून ठेवलेला. मोकळ्या हवेत एवढ्याशा फटीतून कसलीही कॉइल करंट उडवते. सिलिंडरच्या दाबात तेवढ्याच फटीला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून करंट पाहायचा तर दोन्ही वेळा प्लग एकच, तोही गॅप मोजून. मी तर नुसता रंग पाहत बसलो होतो.

'नव्या' कॉइलवरचा काळा रंग खरवडला तर खाली गंज. गरम झाली की करंट तोडायची. मॅग्नेटच्या नटावरची आठ वर्षांची धूळ तशीच होती, म्हणजे ते उघडलंच नव्हतं. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंटवर, म्हणजे करंट जोड-तोड करणाऱ्या टोकांवर, पॉलिश पेपर फिरवला होता, हेच त्याचं चार्जिंग. खरा रोगही तोच, पॉइंटवर चढलेला थर. काकांनी ते नीट घासून ०.४ वर बसवले. १५० रुपये.

कॉइल मागायला परत गेलो. बाबांनी हिरवी टेप गुंडाळलेली आमची कॉइल फळीवरच होती.

"ही? ओरिजिनल आहे भाऊ. अकराशे पडतील."