वायसर गेला, फ्लास्क राहिला: तीन महिने आणि एका संक्रांतीचा अनुभव

एक लिटरचा स्टीलचा फ्लास्क, दिवाळीच्या सेलमध्ये १,०४९ रुपयांना घेतला. कंपनीचं नाव टाकत नाही, भांडण अजून चालू आहे. वजन, रंग, किती तास गरम वगैरे सगळ्यांना पाठ असेल, म्हणून थेट वायसरवर येतो. झाकणाच्या आत सिलिकॉनची रिंग असते ना, ती. पारदर्शक आहे. हे ज्याने ठरवलं त्याला जानेवारीत पहाटे चार वाजता दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनच्या नळावर उभं करायला हवं.

नोएडातल्या ऑफिसात दोन महिने मजेत गेले. कॅन्टीनचा वीस रुपयांचा चहा दिवसातून तीनदा व्हायचा, तो बंद केला आणि महिन्याभरातच फ्लास्क फुकटात पडला. दुधाचा चहा मात्र यात ठेवू नका, आंबूस वास धरतो. कोरा न्यायचा, दुधाची पावडर वेगळी. आणि भरण्याआधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्यायचं. मला हे उशिरा कळलं, तोवर 'गरमच राहत नाही' म्हणून ज्या शिव्या घातल्या त्या मागे घेतो.

संक्रांतीला घरी, भुसावळजवळच्या यावलला जायचं होतं. निजामुद्दीन ते भुसावळ साधारण अकराशे किलोमीटर, गाडी रात्री साडेनऊची. साडेपाचला फ्लास्क भरून निघालो. स्टेशनात पोचलो आणि मेसेज सुरू: ११.३०. मग २.००. मग ४.४५. येणारा रेकच (म्हणजे डब्यांची अख्खी माळ) धुक्यात अडकलेला, तो आल्याशिवाय आमची गाडी निघणार कशी?

आपल्याकडे धुकं म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. इकडचं धुकं म्हणजे भिंत, तीही धुराच्या वासाची. वारा पडतो, ओली जमीन रात्रभर गार होत जाते, वर उबदार हवा झाकणासारखी बसते आणि गंगा-यमुनेचं मैदान खाली कोंडून जातं. (इथेही झाकणच!) गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि आपण गेलोच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात, टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा एवढंच. बोट दोनदा त्या बटणापर्यंत गेलं. पण मग जायचं कशाने? विमानाचं भाडं पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला.

पहाटे चारला कप भरला तर जीभ पोळली. साडेदहा तासांनी! शेजारी झाशीला जाणारे एक काका होते, त्यांनाही दिला. "ये तो अभी का बना है," म्हणाले. त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग कप धुवायला नळावर गेलो. बोटं बधिर झालेली. झाकण उलटं करून हिसडलं, आणि ते हाताला किंचित हलकं लागलं. आवाज नाही, काही नाही. टॉर्च लावून फरशी बघितली, नाली बघितली, खाली रूळ बघितले. ओल्या फरशीवर सिलिकॉनची रिंग आणि पाण्याचा ओघळ यांत फरक कळत नाही हो. लाल केली असती तर काय बिघडलं असतं?

गाडी सहा दहाला सुटली. धुक्यात ताशी ७५च्या वर न्यायची नाही असं बंधन असतं. आमची तेवढीही जात नव्हती. इंजिनात पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगणारं जीपीएसचं यंत्र असतं, शिवाय सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके ठेवतात, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर सावध होतो. मथुरेच्या अलीकडे दोन फुटले. समोरच्या पोराने "दिवाली!" म्हणून टाळ्या पिटल्या.

मथुरेला चहा पुन्हा भरून घेतला, ग्वाल्हेर येईपर्यंत त्याचं कोमट पाणी झालेलं. भांडं तेच. पण या भांड्यांत उष्णता भिंतीतून फारशी जातच नाही, जाते ती तोंडाकडून, आणि तोंड आता उघडंच होतं. झाशीनंतर ऊन दिसलं तेव्हा बॅग उघडली. उरलेला चहा गजकच्या (तीळ-गुळाची इकडची कुरकुरीत मिठाई) डब्यात. घरी पोचल्यावर आईने डबा उघडला आणि म्हणाली, "हे गजक आणलंस का शिरा?"

कस्टमर केअरला फोन. "सर, वायसर कंझ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सुटा मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, ४४९." मग पाच वर्षांची वॉरंटी कशावर? तर म्हणे व्हॅक्यूमवर. म्हणजे पोकळीची वॉरंटी! चिडून झाकण मागवलं आणि लगेच पस्तावलो, कारण दुसऱ्याच दिवशी भुसावळच्या बाजारात कुकरच्या रिंगा विकणाऱ्याकडे दहा रुपयांत वायसर मिळाला. जाड होता, ब्लेडने तासून बसवला. दोन दिवस चहाला सायकलच्या ट्यूबचा वास, मग सोड्यात उकळल्यावर गेला. आठ तास गरम राहतंय.

फेब्रुवारीतली भर: फ्लास्क आता माझ्याकडे नाही. शेतातली लाईट रात्रीची आली, घरचे नाना गव्हाला पाणी भरायला जातात. "तुला कॅन्टीन आहे," म्हणून ठेवूनच घेतला. त्यांची तक्रार काहीच नाही. ४४९चं झाकण एकोणीस दिवसांनी नोएडात आलं. आतला वायसर पारदर्शकच आहे. सध्या त्यात टाचण्या ठेवतो.