सिलिकॉन मोल्डनं आरशाची जुनी चौकट लई भारी झाली

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून 280 रुपयांना सिलिकॉनचा मोल्ड (लवचिक साचा) आणला, अकँथसच्या पानांचा, म्हणजे ग्रीक कोरिंथियन खांबांच्या डोक्यावर असतात ना ती कुरळी पानं. आईच्या आरशाची साधी सागवानी चौकट होती, तिच्या चारी कोपऱ्यांना ती नक्षी बसवली आणि खरं सांगते, नाद खुळा दिसतंय!

मोल्डमध्ये आधी ब्रशनं थोडं कॉर्नफ्लॉवर फिरवायचं नाहीतर क्ले चिकटून बसते, मग एअर ड्राय क्ले (भट्टीशिवाय हवेतच वाळणारी माती) अंगठ्यानं दाबून भरायची आणि जुन्या एटीएम कार्डनं पाठ सपाट खरवडायची. मोल्ड उलटा करून वाकवला की पानाच्या शिरासुद्धा जशाच्या तशा येतात.

पहिले दोन तुकडे मात्र वाया गेले. पूर्ण वाळवून मग चिकटवायला गेले तर कडा उचललेल्या, एकाला मधोमध तडा, कारण ही क्ले वाळताना आकसते. आता ओली असतानाच फेविकॉल लावून बसवते, गोल डब्यालासुद्धा बरोबर वळते. पाकिटावर यातलं एक अक्षर नाही, ते खटकलं.

रंगाला आधी काळा ॲक्रिलिक, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं सोनेरी, तो पण फक्त उंचवट्यांवर. आई दहा वेळा हात फिरवून बघत होती.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या हत्तींच्या रांगेसारखा मोल्ड कुणी काढला तर पहिला मीच घेणार.