सेटलमेंट कंपनी की बँकेचं केंद्र: कर्ज-समुपदेशकाने कुठे बसावं?

पतसंस्थेत वसुली सांभाळलेला माझा एक जुना मित्र सध्या पेचात आहे. थकलेलं कर्ज बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवून, म्हणजे सेटल करून देणाऱ्या एका कंपनीने त्याला बोलावलंय आणि एका बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रातही समुपदेशकाची जागा आहे. दोन्हीकडे काम एकच, कर्जात रुतलेल्या माणसाला बाहेर काढायचं. मी आधी कोल्हापूरच्या शाहूपुरीत अशाच एका कंपनीत दोन वर्षं काढली, आता एका बँकेच्या केंद्रात चौथं वर्ष चालू आहे. तेव्हा माझा कल कुठे आहे ते ओळखूनच वाचा.

पैशाचं आधी उरकतो. कंपनी जास्त देते, वर इन्सेंटिव्ह. केंद्रात मानधन, करार वर्षावर्षाने वाढणार. ज्याच्या डोक्यावर स्वतःचाच घराचा हप्ता आहे त्याने कंपनीकडे जावं, मी नाव ठेवणार नाही.

आणि कंपनीत मी शिकलोही खूप. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मला नुसता कागदावर माहीत होता. तक्रारीचं पत्र नेमकं कुणाच्या नावाने, कुठल्या भाषेत लिहिलं की फोन थांबतात, ते कंपनीत कळलं. नोकरी गेलेली, चार ठिकाणची थकबाकी, घरात विकण्यासारखं काही नाही, अशा माणसाला सेटलमेंटशिवाय वाट नसते. सिबिलवर ‘सेटल्ड’ शिक्का बसतो, पुढे कर्ज मिळायला जड जातं, हे आधी सांगितलं की झालं. आम्ही सांगायचो. जरा भरभर सांगायचो, एवढंच.

माझं बिनसलं ते घड्याळावरून. पहिला कॉल २० मिनिटांचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायचे, १५ व्या मिनिटाला लाल व्हायचे. तेवढ्यात कर्जांची यादी, उत्पन्न, आमची फी आणि संमती. आता आपल्याकडचा माणूस २० मिनिटांत फार तर स्वतःच्या गावचं आणि साडूचं सांगतो. कर्जाचं खरं दुखणं तो शेवटी, चपला घालताना काढतो. फोनवर चपला कुठून आणणार?

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे एकजण होते. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड आणि मोबाईल ॲपवरचं एक कर्ज. आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांना हप्ते थांबवायला सांगितलं आणि सेटलमेंटसाठी महिन्याला ९ हजार बाजूला टाकायला लावले. सात महिन्यांनी खातं बघितलं तर त्यात ११ हजार. मधल्या काळात दोन चेक परत गेलेले, दारात माणसं येऊन गेलेली, आमची फी मात्र वेळेवर. खोदून विचारल्यावर कळलं, ६० हजार सावकाराचे होते, महिना १० टक्क्यांनी. म्हणजे ६ हजार नुसतं व्याज. फॉर्मवर ‘इतर कर्ज’ या रकान्यात मीच ‘नाही’ लिहिलेलं. मी म्हटलं, दादा, तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणाले, “त्या टायमाला आई शेजारीच बसली हुती की, सायेब.”

२०१४ चा सावकारी कायदा आहे, विनापरवाना सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर सगळी मांडणी वेगळी झाली असती. कदाचित माझ्या जागी दुसरा कुणी हुशार असता तर त्याने २० मिनिटांतही काढून घेतलं असतं. मला नाही जमलं.

केंद्रात माणूस पिशवी घेऊन येतो. परवा कागलकडच्या एक मावशी आल्या. कापडी पिशवीतून बचत गटाचं कार्ड, सोनेतारणाची पावती, मायक्रोफायनान्सची दोन पुस्तकं असं एकेक टेबलावर मांडलं. दुधाचं बिल किती, उसाचा हप्ता कधी, हे बोलण्यात तासभर गेला. चहा झाला. उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि कमरेच्या बटव्यातून चार घड्या घातलेला कागद काढला. भिशीचे ४० हजार. जावेच्या नावावर उचललेले, घरात कुणाला माहीत नाहीत. मग आम्ही पहिल्यापासून परत आकडे मांडले.

आता केंद्राची डोकेदुखीही ऐका. समुपदेशन राहतं बाजूला, आधी मेळावे भरवा. शेतकरी, छोटे उद्योजक, शाळकरी मुलं, बचत गट, ज्येष्ठ नागरिक असे पाच गट वरूनच ठरलेले, प्रत्येकाचा बॅनरसकट फोटो आणि अहवाल. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या आराखड्यात नावातच साक्षरता आणि पत-समुपदेशन दोन्ही होतं. २०१२ मध्ये नावातलं समुपदेशन गळलं, आणि कामातही ते जाणवतं. २००९ च्याच आराखड्यात केंद्राने बँकेपासून अंतर राखावं, शक्यतो बँकेच्या जागेत बसू नये असंही होतं. आमचं केंद्र शाखेच्या जिन्याखाली आहे. त्याच बँकेचा थकबाकीदार तो जिना बघूनच परत फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सल्ला फुकट आहे आणि कोपऱ्यात लाल होणारे आकडे नाहीत. माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

स्वतःचं ऑफिस थाटायचा विचार मित्राच्या डोक्यात आहे, तो मी फारसा मनावर घेतलेला नाही. राजारामपुरीत गाळ्याचं भाडं भरून नुसत्या सल्ल्याचे पैसे मागितले तर लोक चहा पिऊन जातील.

त्याला मी एवढंच सुचवलंय, की केंद्राची जागा बघायला जाशील तेव्हा टेबलासमोर खुर्च्या किती आहेत ते बघ. एकच असेल तर तिथे फॉर्म भरले जातात. आमच्याकडे एकच होती. दुसरी मी शिपाईमामांच्या मागे लागून कॅशच्या रांगेतून उचलून आणली, कारण नवरा खुर्चीत आणि बायको पिशवी घेऊन उभी, अशाने पिशवी उघडत नाही.